२२ इंचांत चार माणसं

आमच्या घरात टीव्ही बघायला एकच जागा आहे. जागा म्हणजे खोली नव्हे, स्टूल. लाकडी, एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. त्या स्टुलावर ताठ बसलं की टीव्हीतली माणसं माणसांच्या रंगाची दिसतात. बाकी कुठंही बसा, आपापल्या नशिबाचा रंग.

हे यंत्र मी दसऱ्याला राजारामपुरीतून आणलं. साडेसात हजार रुपये. मी घरी बसून व्यापाऱ्यांचे जीएसटी रिटर्न भरतो. लॅपटॉपच्या पडद्यावर डोळे फोडून वैतागलो होतो, आणि त्याच सुमाराला आबांचा जुना डबा टीव्ही कायमचा गेला. दुकानातला पोरगा म्हणाला, "भावा, टू इन वन हाय. दिवसा मॉनिटर, रातीला टीव्ही. नाद खुळा!" कोल्हापुरात कुणी 'नाद खुळा' म्हटल्यावर पुढं घासाघीस करणं बरं दिसत नाही.

घरी आल्यावर आईनं पहिल्यांदा टेप काढली. ती ३० वर्षं ब्लाउज शिवते, दुकानदाराच्या मापावर तिचा विश्वास नाही.

"रुंदी १९ भरतीय. २२ कुठाय?"

मी म्हटलं, "टीव्हीचं माप तिरकं घेतात गं, या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात."

"मी असं तिरकं माप घेऊन ब्लाउज शिवला तर बाई परत येईल का माझ्याकडं?"

याला उत्तर नव्हतं. टीव्ही माझ्या कामाच्या टेबलावर बसला आणि घराची फाळणी सुरू झाली.

आबांची सवय म्हणजे भिंतीकडेला गादी टाकून, उशीला कोपर देऊन आडवं पडायचं. तिथून त्यांना पडदा खालून दिसतो. खालून बघितलं की गोरा माणूस काळानिळा होतो, काळे केस चंदेरी होतात, आणि बातम्या देणारी मुलगी फोटोच्या निगेटिव्हमधून आल्यासारखी दिसते. आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्यानं बघते. तिला वरून सगळं धुऊन काढल्यासारखं फिकट दिसतं. याचं कारण मी शोधून काढलं. स्वस्त पडद्यात बहुतेक वेळा 'ट्विस्टेड नेमॅटिक' जातीचं पॅनल असतं. दोन काचांच्या मध्ये द्रवस्फटिक पीळ घालून बसवलेले. वीज दिली की पीळ सुटतो आणि मागचा उजेड अडतो. हा हिशेब समोरून बघणाऱ्यासाठी बरोबर लागतो. वरून-खालून बघणाऱ्याला अर्धवट सुटलेला पीळ दिसतो. कोल्हापुरी माणसाला पीळ नवा नाही, पण तो बघायला स्टुलावर बसावं लागतं हे नवीन होतं.

खरा राडा झाला एका रविवारी. कुठल्या तरी बाई तांबडा रस्सा करून दाखवत होत्या. आई दारातून म्हणाली, "अगं बाई, ह्यो तर पांढरा! नारळाचं दूध ओतलंय आणि तांबडा म्हणून सांगतीय."

आबा गादीवरून म्हणाले, "पांढरा कुठला? मटण करपून कोळसा झालंय."

स्टुलावर बायको होती. तिला तो तांबडाच दिसत होता, तर्रीसकट. पण सासू-सासऱ्यांच्या मध्ये सत्य सांगायचं नसतं एवढं तिला इतक्या वर्षांत कळलंय. ती म्हणाली, "अहो, तुम्हीच बघा," आणि स्टूल मला देऊन उठली. मीही गप्प बसलो. आई-आबांचं त्या दिवशी जे बोलणं बंद झालं ते सोमवारच्या चहापर्यंत.

आवाजाची तऱ्हा वेगळीच. स्पीकर पाठीला आहेत, तोंड भिंतीकडे. भिंतीपलीकडे शेजारच्या काकू. त्यामुळं चित्र आमच्याकडे आणि आवाज त्यांच्याकडे अशी वाटणी झाली. मालिकेत सून नेमकं काय म्हणाली हे कळलं नाही तर आई सकाळी गॅलरीतून काकूंना विचारते.

दिवसा मात्र टीव्हीचा मॉनिटर होतो आणि मग फक्त माझे हाल. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की पडद्याच्या चारी कडा गायब आहेत. खालची पट्टी अर्धी कापलेली, उजवीकडचा बेरजेचा रकाना बाहेर. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बेरजा केल्या आणि माझ्याच पडद्यावरून बेरीज गेली! जुन्या ट्यूबच्या टीव्हीत कडा नीट यायच्या नाहीत, म्हणून चित्र मुद्दाम थोडं मोठं करून कडा चौकटीआड दडवायची पद्धत होती. ट्यूब गेली, पद्धत राहिली. मी हे आईला सांगितलं तर ती मान हलवून म्हणाली, "म्हणजे माया." शिंपी कापडात शिवणीपलीकडं जास्तीचं सोडतो ना, ती माया. "पण माया आतनं दुमडायची असते रे, कापून टाकायची नसते." टीव्हीवाल्या इंजिनिअरांनी हिच्याकडं आठ दिवस शिकाऊ म्हणून बसायला हरकत नव्हती. शेवटी रिमोटच्या मेनूत पाताळात दडलेली 'जस्ट स्कॅन' नावाची गोष्ट सापडली आणि बेरीज परत आली.

लाल अक्षरं पसरायची, तो आणखी एक ताप. माणसाच्या डोळ्याला उजेडातला फरक चटकन कळतो, रंगातला कमी. म्हणून टीव्ही रंगाच्या बारकाव्यात काटकसर करतो. माणसांच्या चेहऱ्यांत ते खपून जातं, अक्षरांत नाही. आणि माझ्या कामात चूक झाली की सूचना लालच येते. म्हणजे चुकलंय एवढं दिसायचं, काय चुकलंय ते नाही. उपाय काय, तर मेनूत जाऊन लॅपटॉपच्या जोडणीचं नाव 'एचडीएमआय'चं 'पीसी' करायचं. लग्नात नाव बदलून स्वभाव बदलल्याचं उदाहरण आमच्या खानदानात नाही, पण टीव्हीचा बदलला.

ठिपक्यावर मात्र उपाय नाही. पडद्यावर एक पिक्सेल मेलेला आहे. आडवे १३६६ आणि उभे ७६८, म्हणजे १० लाखांवर ठिपके. त्यातला एक गेला तर बिघडलं कुठं, असं मलाही वाटायचं. पण एवढ्या ढोबळ पडद्यावर बारीक अक्षरातला पॉइंटही एका ठिपक्याएवढाच असतो. आणि त्या दिवशी होती २० तारीख, रिटर्नची शेवटची. मार्केट यार्डातल्या एका गूळवाल्या शेठचं खरेदीचं पत्रक उघडलं. दर ४१.५०. मला वाटलं, दिवाणजींनी यावेळी क्विंटलऐवजी किलोचा दर लिहिलाय. हिशेब तर जुळतोय! मी त्या ओळीची रक्कम शंभरानं फिरवून मोकळा. मग बेरीज बोंबलली. शेठना फोन लावला.

"शेठ, किलोनं लिहायला कधीपासनं लागला?"

"किलोनं? अरं, ४१५० क्विंटल लिवलंय की! पॉइंट कुठनं आणलास?"

मी पान थोडं वर सरकवलं. पॉइंट जागचा हलला नाही. आता तो खालच्या ओळीत, ३९८० च्या पोटात बसला होता. मागं गादीवरून आबा मॅच लावायची घाई करत होते आणि दर दोन मिनिटांनी "झालं का?" विचारत होते. रिटर्न गेला रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी. मॅच कोण जिंकलं ते काकूंच्या भिंतीतून कळलं.

परवा इचलकरंजीला आत्याकडं गेलो होतो. तिच्या पोरानं भिंतभर टीव्ही घेतलाय, ५५ इंची. समोर गुबगुबीत सोफा. आबांनी सोफ्याकडं बघितलंही नाही. स्वयंपाकघरातून स्टूल आणला, टीव्हीच्या बरोबर मधोमध ठेवला आणि ताठ बसले. आत्या म्हणाली, "दादा, हिकडं सोफ्यावर ये की, कुठनंबी सारखंच दिसतंय."

आबा उठले. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, गुडघे धरत खाली फरशीवर बसून बघितलं. मग माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "समद्या बाजूनं रंग योकच. फशिवलं लेकानं दुकानदारानं हिला."