पंचविशीपर्यंत थांबायचं? कोणाच्या भरवशावर?

रविवारी रात्री ताईचा फोन आला. भाच्याचं ऑपरेशन पुढे ढकलू या का, म्हणे. कारण तिच्या सासूबाईंच्या ग्रुपवर आलेला मेसेज: ‘मुलांच्या नाकातून रक्त येणं म्हणजे उष्णता. मान मागे टाकून दुर्वांचा रस सोडा. स्कॅन म्हणजे पैसे उकळणं. तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढू देऊ नका, कॅन्सर होतो. नाकातली गाठ पंचविशीत आपोआप विरते.’ माझ्याकडेही तो तीन ठिकाणांहून आलाय.

उष्णतेचं आधी उरकतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ला गेला की कोरड्या हवेनं घोळणा फुटतो, हे खरंच आहे. पण तेव्हा मान पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं दाबून धरायचा. मान मागे टाकली तर रक्त घशात उतरतं. रसाबद्दल बोलत नाही.

भाच्याला मात्र ऐन थंडीतही रक्त येत होतं. वय १५, डावी नाकपुडी चार महिने बंद, सकाळी उशी लाल. वयात येणाऱ्या मुलाचं एकाच बाजूचं नाक बंद आणि न दुखता वारंवार रक्त, असं जोडीनं दिसलं की अँजिओफायब्रोमा आहे का ते बघावंच लागतं. दुर्मीळ गाठ, जवळपास फक्त मुलग्यांनाच होणारी, रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली. कॅन्सर नव्हे.

तुकड्याचं अर्धं खरं आहे, नाइलाजानं कबूल करतो. या गाठीचा तुकडा ओपीडीत काढायचा नसतो. पण का? साधी शीर कापली की आकसते. या गाठीतल्या वाहिन्यांच्या भिंतीत स्नायूंचा थर नसतो किंवा अपुरा असतो, त्यामुळे त्या आकसतच नाहीत आणि रक्त थांबता थांबत नाही. म्हणूनच तर स्कॅन! हॉलमन आणि मिलर यांच्या नावाची खूण १९६५पासून माहीत आहे: गाठ गालामागच्या सायनसची मागची भिंत पुढे ढकलून वाकवते. भाच्याच्या सीटीत तो बाक डॉक्टरांनी मला बोट ठेवून दाखवला. गाठ डोळ्याकडे, मेंदूकडे किती सरकलीय ते एमआरआयनं कळलं. ज्याला मेसेजवाले लूट म्हणतात, त्यानंच तुकडा काढायची वेळ टळली.

आणि पंचविशी! अशी गाठ वयानुसार आक्रसल्याच्या नोंदी आहेत, पण मोजक्या. त्यांच्या भरवशावर पोरानं दहा वर्षं रक्त गाळायचं? त्याचं हिमोग्लोबिन आताच आठवर आलंय. ही गाठ दुसऱ्या अवयवांत पसरत नाही, पण जागच्या जागी हाड झिजवत डोळ्याच्या खोबणीत, कवटीच्या तळाशी शिरते. जितकी आत जाईल तितकं ऑपरेशन अवघड. हे लिहिणाऱ्यानं अशा मुलाची उशी एकदा तरी बदलली आहे का?

गुरुवारी जांघेतल्या धमनीतून बारीक नळी नेऊन गाठीचा रक्तपुरवठा बंद करतील. शुक्रवारी दुर्बिणीनं नाकातूनच गाठ काढतील. ती पुन्हा उगवू शकते, म्हणून पुढेही स्कॅन लागतील.

ताई, रक्तदाते मिळालेत. तारीख बदलू नकोस. सासूबाईंशी मी उद्या येऊन बोलतो, सीटीची फिल्म घेऊनच येतो.