बोचा बाक म्हणजे बिघाड नव्हे

परवा सकाळी भाचीचा फोन. “मावशी, बोचे केस शाम्पूनं धुऊन झाले. आता काठी गॅसवर सरळ करायचीय, किती वेळ धरू?” बो म्हणजे व्हायोलिन वाजवायचा गज, काठीवर घोड्याचे केस ताणलेला. हा तिच्या आजोबांचा, आमच्या अण्णांचा. ‘व्हायोलिनचा बो घरच्या घरी नवा करा’ हा मेसेज तिला क्लासच्या ग्रुपवर आला होता. दुपारपर्यंत तोच मला आणखी तिघांनी पाठवला. म्हणून हे लिहितेय.

आधी गॅसचं. मेसेज म्हणतो, काठी मधे केसांच्या बाजूला झुकलेली दिसली तर ती ‘बसली’, शेकून सरळ करा. अहो, तो बाक मुद्दाम दिलेला असतो! स्क्रू फिरवला की केस ताणले जातात, काठी सरळ व्हायला बघते आणि त्या बाकामुळेच तिच्यात उसळी राहते. तो काढून टाकला तर हातात उरतो नुसता दांडका.

कारागीर काठी तापवतात, हे मात्र खरं. आजच्या बोला रूप देणारे पॅरिसचे फ्रांस्वा तुर्त बाक कोरून काढत नसत, काठी तापवून देत. त्यांच्या कामाबद्दल संगीत-अभ्यासक फेतिस यांनी व्हायोलिन बनवणाऱ्या स्त्रादिव्हारीवरच्या 1856 च्या पुस्तकात लिहिलंय: बाक टिकायचा असेल तर आच लाकडाच्या आतल्या तंतूंपर्यंत पोचली पाहिजे, नुसती वरवर नको. गॅसच्या ज्योतीवर नेमकं उलटं होतं. वरचं पॉलिश करपतं, आतलं लाकूड थंडच राहतं आणि जोर दिला की काठी मोडते. अण्णांचा बो पेर्नांबुकोचा आहे. ब्राझीलचं हे झाड इतकं कमी झालंय की 2007 पासून त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. अशी काठी पुन्हा कुठून आणायची?

आता शाम्पू. केस दोन्ही टोकांना लाकडाच्या छोट्या पाचरींनी धरलेले असतात. पाचर ओली झाली की फुगते. भाचीनं बो फ्रॉगसकट, म्हणजे हाताकडे केस धरून ठेवणाऱ्या ठोकळ्यासकट, मगमध्ये उभा केला होता. संध्याकाळी जाऊन पाहिलं तर फेरूलमधली (फ्रॉगवरच्या धातूच्या कड्यातली) पाचर बाहेर सरकलेली, एका कडेचे पंधरा-वीस केस ओढल्याबरोबर हातात आले, आणि काळ्याभोर फ्रॉगला नखानं जाणवेल अशी चीर. फ्रॉगजवळ बोटं लागून केस मळतात, कबूल. तेवढाच भाग फडक्यावर थोडं स्पिरिट घेऊन पुसा, पण काठीला थेंब लागू देऊ नका, पॉलिश उतरतं.

मेसेज पुढे म्हणतो, ‘केस सैल करू नका, आखडतात.’ कोरड्या हवेत केस आखडतात आणि पावसाळ्यात लांबतात, एवढं बरोबर. पण म्हणूनच तर वाजवून झालं की सैल करायचे! ताणलेला बो पेटीत तसाच राहिला आणि केस आणखी आखडले, तर सगळा ताण काठीवर आणि टोकावर येतो.

केसांना घासायची राळ जास्त लावली तर आवाज मोठा होत नाही, खरखरीत होतो. वाजवून झालं की काठीवरची पांढरी भुकटी कोरड्या फडक्यानं पुसा, बास. आणि मोडलेल्या टोकाला झटपट गोंद अजिबात नको. तो सांध्यात मुरला की नंतर नीट जोडणाऱ्या कारागिराचे हातच बांधले जातात.

अण्णांची काठी वाचली. फ्रॉग दुरुस्तीला दिलाय. ग्रुपवर त्या मेसेजखाली भाचीनं स्वतःच त्या चिरेचा फोटो टाकला.