जिप्सीच्या बिलाबद्दल, शहाद्याच्या गॅरेजवाल्याचं उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही दिलेला एक स्टार आणि खालचा मजकूर वाचला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: लष्कराच्या लिलावातून घेतलेली मारुती जिप्सी आम्ही अडकवून ठेवली, सांगितल्यापेक्षा दुप्पट बिल केलं, नवा शाफ्ट न टाकता जुनाच बसवला आणि एवढं करूनही फोर-व्हील टाकली (चारही चाकांना इंजिनाची ताकद दिली) की गाडी जखडते. वर "आम्हालाच गाडी चालवायला शिकवतात" हेही आहे.

जखडण्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीचं बरंचसं तिथूनच निघालं आहे.

तुमच्या गाडीला पुढे 205/70 आर 15 टायर आहेत आणि मागे 215/75 आर 15. उसाच्या फडात मागची चाकं फिरतात म्हणून मागे मोठे टाकले, असं तुम्हीच सांगितलं होतं. दोन्ही 15 इंची रिमवर बसतात, त्यामुळे बघणाऱ्याला फारसा फरक दिसत नाही. पण पुढचं चाक एका फेऱ्यात सुमारे 2 मीटर 10 सेंटिमीटर जातं आणि मागचं 2 मीटर 21. म्हणजे एका किलोमीटरला पुढचं चाक मागच्यापेक्षा साधारण 24 फेरे जास्त फिरायला बघतं. टू-व्हीलमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद असताना, याचं काही बिघडत नाही, पुढचं पुढे फिरतं, मागचं मागे. फोर-व्हीलचा दांडा ओढला की मात्र ट्रान्सफर, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणारी गिअरपेटी, पुढचा आणि मागचा शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारे फिरते रॉड) एकमेकांना बांधून टाकतो. मध्ये डिफ्रन्शियल, म्हणजे दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरांची जुळणी, नसतं. दोघांनी एकाच वेगाने फिरायचं, आणि ते 24 फेरे कुठे जाणार?

चिखलात ते टायर घसरून निघून जातात. आपल्या काळ्या मातीत पाऊस पडून गेल्यावर तर चाकाला घसरायला निमित्तच लागत नाही. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, मग सगळा ताण गिअरांवर, बेअरिंगवर आणि शाफ्टच्या क्रॉसवर (टोकाच्या सांध्यांवर) चढत जातो. चारही टायर अगदी सारखे असले तरी वळणावर हेच होतं, कारण पुढची चाकं मागच्यापेक्षा मोठा वळसा घेतात. तुम्ही म्हसावदपासून फोर-व्हील टाकून राणीपूरमार्गे तोरणमाळला गेलात, "घाटात ग्रिप मिळते" म्हणून. सातपायरी घाटाची वळणं तुम्हाला माहीतच आहेत. वर पोचल्यावर दांडा निघेना, स्टिअरिंग दगडासारखं झालं आणि शेवटी खाडकन आवाज होऊन सुटलं, हेही तुमच्याच तोंडून ऐकलं. पुन्हा असं झालंच तर दांड्याशी कुस्ती करू नका. स्टिअरिंग सरळ धरून गाडी चार-पाच फूट मागे घ्या, ताण उतरतो आणि दांडा आपसूक येतो.

म्हणून डांबरावर फोर-व्हील टाकू नका म्हटलं. याला शिकवणं म्हणायचं असेल तर हो, शिकवलं. गिऱ्हाईक गाडी घेऊन जाताना हे न सांगणारा गॅरेजवाला पुढच्या बिलाची सोय करत असतो.

आता दुप्पट बिल. पहिला आकडा दिला तेव्हा गाडी रॅम्पवरसुद्धा नव्हती. तक्रार होती ट्रान्सफरमधून आवाज आणि तेलगळती. जिप्सीचा ट्रान्सफर गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो, वेगळा असतो आणि रबरी फाउंडेशनवर लटकतो. खालून बघून फाउंडेशनं आणि ऑइल सील एवढंच दिसत होतं, तेवढंच सांगितलं. ट्रान्सफरचं तेल काढलं, त्यात चुंबक फिरवला तर लोखंडाचा चुरा मिशीसारखा चिकटून वर आला. बेअरिंगं गेली होती. मग पुढच्या हाउसिंगचा, म्हणजे पुढच्या दोन चाकांमधल्या अॅक्सलच्या पेटीचा, नट खोलला. पोऱ्या खाली ट्रे धरून होता, तो ओरडला, "हाई काय शे?" तेल पांढुरकं, दुधाळ. म्हणजे आत पाणी.

पाणी कसं गेलं? हाउसिंगला वर एक छोटा ब्रीदर असतो, आतली गरम हवा बाहेर जायला. तुमचा ब्रीदर वाळलेल्या मातीने पूर्ण बुजला होता. तापलेली गाडी गोमाईच्या पाण्यात उतरली की हाउसिंग एकदम थंड होतं, आतली हवा आकसते, ब्रीदरमधून हवा मिळत नाही म्हणून ऑइल सीलच्या कडेने पाणी ओढून घेते. जिप्सी असो की दुसरी कुठली जुनी फोर-बाय-फोर, नदी ओलांडणाऱ्याने हे दोन रुपयांचं भोक साफ ठेवलं पाहिजे. ते बुजलं की सील जातात, बेअरिंगं गंजतात. तुमच्या गाडीत आतलं सीलही फाटलं होतं, त्यामुळे हाउसिंगचं तेल पुढच्या चाकाच्या नकलमध्ये (चाक वळतं त्या सांध्यात) उतरलं, ग्रीसमध्ये मिसळलं आणि टायरच्या आतल्या बाजूला ओघळ आले.

हे सगळं तुम्हाला फोनवर सांगितलं, फोटो पाठवले, तुमचा होकार आल्यावरच पुढे गेलो. आणि किंगपिनचं (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या पिनचं) काम तर तुमच्यासमोर ठरलं. चाक उचलून मी वर-खाली हलवलं तेव्हा खेळ होता. तुम्ही म्हणालात, बेअरिंग टाइट करा, झालं. मग तुम्हालाच ब्रेक दाबून बसवलं आणि चाक पुन्हा हलवलं. व्हील बेअरिंगचा खेळ ब्रेक दाबल्यावर नाहीसा होतो. तुमचा तसाच राहिला, म्हणजे दोष किंगपिनचा. खड्ड्यात गेल्यावर पुढचं स्टिअरिंग थरथरायचं ते त्यामुळेच. आता थरथरतं का, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

शाफ्ट जुनाच बसवला, खरं आहे. शाफ्ट सरळ होता, दातऱ्यांमध्ये खेळ नव्हता, फक्त क्रॉस खलास झाले होते. क्रॉस नवे टाकले, काढण्याआधी खूण करून त्याच कोनात परत जोडला. बाजारात नवा म्हणून जो शाफ्ट मिळतो तो बहुतेक डुप्लिकेट असतो, बॅलन्स नसतो, वेग वाढला की सगळी बॉडी घुमते. पंचवीस वर्षांचा कंपनीचा शाफ्ट मी कालच्या डुप्लिकेटसाठी फेकणार नाही. तुमचे पैसे वाचले, आणि तक्रारही त्याचीच झाली.

उशीर मात्र झाला, त्याचं कारणही तेच. ट्रान्सफरच्या बेअरिंगचा आणि किंगपिनचा सेट शहाद्यात नव्हता, धुळ्यात मिळाला तो हातात घेतल्यावरच परत केला. शेवटी दिल्लीच्या काश्मिरी गेटहून मागवला, तो ट्रान्सपोर्टने आला. या गाडीचं उत्पादन बंद झालं आहे, दर वर्षी चांगला माल कमी होत जाणार. ज्यांना जुनी फोर-बाय-फोर ठेवायची आहे त्यांनी सील, क्रॉस, बेअरिंग असं थोडं सामान घरी घेऊन ठेवावं. शेतकऱ्याला बी-बियाण्याचं हे कळतं, गाडीचं कळत नाही.

एक जाता जाता. गाडीचा लष्करी हिरवा रंग बदलून घ्या. तो रंग संरक्षण दलाच्या वाहनांशिवाय कोणी वापरू नये, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 121 वा नियम आहे. आमच्याकडे रंगकाम होत नाही, त्यामुळे यात माझा धंदा नाही.

तुमची काढलेली बेअरिंगं, क्रॉस आणि फाटलेलं सील डब्यात घालून ठेवलं आहे, बघायला कधीही या. हाउसिंगमध्ये पाणी गेलेलं होतं, म्हणून पाचशे किलोमीटरला दोन्ही हाउसिंगचं आणि ट्रान्सफरचं तेल एकदा बदलायचं आहे, मजुरी घेणार नाही, तेलाचे पैसे द्या. ब्रीदरला नळी लावून बॉनेटच्या उंचीपर्यंत वर काढून देईन, ती माझ्याकडून. पण चारही टायर एका मापाचे होईपर्यंत ट्रान्सफरच्या कामाची गॅरंटी मी लिहून देणार नाही, स्टार एक असो नाहीतर पाच. मागचे दोन तुमच्याकडे आहेतच, पुढचे दोन त्याच मापाचे घ्या आणि बसवून या.