जपानला ‘कधीही जा, एक जाकीट बास’ हे खरं नाही

गेले दोन महिने सांगलीतल्या आमच्या जवळपास सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. नातेवाइकांचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, आईच्या भिशीचा ग्रुप, सगळीकडं तोच. त्यात लिहिलंय की जपान थंड देश आहे, वर्षभर कधीही जा, एक जाड जाकीट आणि दोन स्वेटर घेतले की बास. चेरीची फुलं एप्रिल महिनाभर असतात. व्हिसा तिथं उतरल्यावर मिळतो. रेल्वेचा पास डोळे झाकून काढा. खाणं, औषधं, घरचा कुकर हवं ते न्या, कोण बघत नाही. शेवटी ‘सगळ्यांना पाठवा’. मी जपानला दोनदा जाऊन आलेय, एकदा जुलैत मावशी आणि काकांना घेऊन आणि एकदा जानेवारीत, म्हणून हे सविस्तर लिहितेय, कारण रिटायरमेंटच्या पैशातून आयुष्यात एकदाच जाणारी माणसं हा मेसेज वाचून बॅग भरायला लागलीत.

आधी हवेचं बोलते, सगळ्यात जास्त त्रास त्यातच होतो. जपान उत्तर दक्षिण केवढा लांब पसरलाय ते नकाशात बघा, वर होक्काइडोत बर्फ असतो तेव्हा खाली ओकिनावात लोक साध्या शर्टात फिरत असतात, मग ‘जपानची हवा’ अशी एक हवा असेल कशी? आम्ही जुलैत निघालो तेव्हा विश्रामबागच्या घरी मावशीची बॅग मी उघडली तर वरच दोन लोकरी स्वेटर, कानटोपी, एक शाल आणि काकांचं लग्नातलं जाकीट. मी म्हटलं मावशी हे काढ, ती म्हणाली अगं सगळे म्हणतात थंड असतं, राहू दे. राहू दिलं, ही माझी चूक. क्योटो डोंगरांच्या मधल्या खोलगट भागात आहे, जुलै ऑगस्टमध्ये पारा ३५च्या वर जातो आणि हवेत इतका दमटपणा की आपल्या एप्रिलमधल्या कोरड्या उन्हाची सवय तिथं काही कामाची नाही, मे महिन्यात कोकणात गेल्यासारखं होतं. आपल्याकडं जुलैत पाऊस पडून गार झालेलं असतं, तिथं रात्रीसुद्धा घाम. दुसऱ्या दिवशी एका देवळाच्या पायऱ्यांवर मावशी बसलीच, चेहरा लालबुंद, समोरच्या मशीनमधून मी गार पाण्याची बाटली आणली आणि ओला रुमाल तिच्या मानेवर ठेवला, पंधरा मिनिटं ती काही बोलली नाही. लोकर हॉटेलवर पडून होती आणि सुती कपडे दोनच.

तेव्हा महिना बघून बॅग भरा. जूनच्या सुरुवातीपासून साधारण जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत टोकियो, ओसाका, क्योटो भागात त्यांचा पावसाळा असतो, त्याला ‘त्सुयु’ म्हणतात. महाबळेश्वरसारखा कोसळत नाही पण चिकचिक असते, छत्री आणि लवकर वाळणारे बूट पाहिजेत. होक्काइडोत हा पावसाळा जवळपास नसतोच, त्यामुळं जून जुलैतच जायचं असेल तर तिकडं जा असं मी सांगेन. ऑगस्ट ते ऑक्टोबर वादळांचे दिवस, सप्टेंबरमध्ये जास्त, त्यामुळं परतीच्या आदल्या दिवशीच विमानतळ असलेल्या शहरात पोचलेलं बरं.

थंडीत तरी एक जाड जाकीट पुरतं का, तर तेही नाही. जानेवारीत टोकियोत दिवसा १० डिग्रीच्या आसपास, रात्री एक दोन डिग्री, पण ऊन स्वच्छ असतं आणि रेल्वेत, दुकानात हीटर इतका की जाडजूड जाकिटात उकडून निघता. आत थर्मल, वर पातळ स्वेटर, त्यावर वारा अडवणारं काहीतरी असे एकावर एक कपडे घाला म्हणजे काढता घालता येतात. होक्काइडोतल्या सापोरो शहरात मात्र दिवसासुद्धा पारा शून्याखाली असतो आणि रस्त्यावर बर्फाचा काचेसारखा थर होतो, तिथं बुटाला खालून लावायच्या दातेरी पट्ट्या मिळतात, त्या पहिल्याच दिवशी घ्या. आणि मोजे चांगले, न फाटलेले न्या, बूट बऱ्याच ठिकाणी काढावे लागतात.

चेरीची फुलं महिनाभर? टोकियो क्योटोत साधारण मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, आणि पूर्ण बहर जेमतेम आठवडाभर, पाऊस वारा आला की त्याच्याही आधी झडतात. एप्रिलच्या २०ला टोकियोत उतरलात तर हिरवी पानं दिसतील, तेव्हा फुलांसाठी उत्तरेला जावं लागतं, होक्काइडोत ती एप्रिलअखेर मे सुरुवातीला येतात. २९ एप्रिल ते ५ मे त्यांच्या सुट्ट्यांची रांग असते, हॉटेलं महाग आणि गाड्या भरलेल्या.

व्हिसाचं तर धोकादायकच लिहिलंय. भारतीय पासपोर्टवर जपानला उतरल्यावर व्हिसा मिळत नाही, मुंबईच्या विमानतळावरूनच परत पाठवतील. २०२४पासून भारतात राहणाऱ्यांना टुरिस्ट ई-व्हिसा मिळतो पण तो आधी अर्ज करून. आणि तो दाखवताना फोनवर इंटरनेट चालू ठेवून व्हिसा मिळाल्याची नोटीस थेट उघडावी लागते, प्रिंट किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. म्हणून घरातल्या मोठ्या माणसांच्या फोनचं रोमिंग आधीच करून द्या.

रेल्वे पासचा सल्ला जुना झालाय. परदेशी पर्यटकांसाठीचा, देशभर चालणारा सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३मध्ये २९,६५० येनवरून थेट ५०,००० येन झाला. टोकियो क्योटो बुलेट ट्रेन एका बाजूला साधारण १४,००० येन, म्हणजे जाऊन येऊन २८,०००. एवढंच फिरणार असाल तर पासात तोटाच आहे, बेरीज करून बघा. त्या गाडीत मोठी बॅग, लांबी रुंदी उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर असेल तर त्यासाठीची सीट आधी बुक करावी लागते, हे आम्हाला स्टेशनवर कळलं.

खाणं ‘कोण बघत नाही’ म्हणणाऱ्याला मी त्या विमानतळावरचा छोटा कुत्रा दाखवला असता. बॅगांच्या पट्ट्याजवळ तो आमच्यापाशी आला, हुंगला आणि मावशीच्या पिशवीशेजारी शांत बसला. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला ताजा कढीपत्ता होता. ताजी फळं, भाजी, पानं, मटण चिकनचं काहीही नेऊ नका. भडंग, शेंगदाण्याची चटणी, तासगावचे बेदाणे आमचे नीट गेले आणि तेच कामी आले, कारण तिथं भाजीच्या सूपमध्येसुद्धा माशाचा अर्क असतो, शाकाहारी माणसानं विचारूनच खावं. घरचा कुकर किंवा किटली नेऊ नका, तिथं वीज १०० व्होल्ट, आपल्या २३०च्या कुकरला जेमतेम पाचव्या हिश्श्याची ताकद मिळते, भात शिजणार नाही. मोबाईलच्या चार्जरवर १००-२४० लिहिलेलं असेल तर तो चालतो, फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर घ्या.

औषधांचं मात्र मनावर घ्याच. डॉक्टरनी दिलेली औषधं एक महिन्यापुरती बिनपरवान्याची नेता येतात, जास्त लागणार असतील तर निघायच्या आधी त्यांच्या सरकारकडून परवानगीचा कागद मागवावा लागतो. स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांच्या वर असलेल्या सर्दीच्या गोळ्या नुसत्या चिठ्ठीवर चालत नाहीत, खोकल्याच्या औषधातलं कोडीन एक टक्क्याच्या वर असेल तर तेही आधी परवानगीशिवाय नाही. पाकिटाच्या मागचं वाचा, नाहीतर आपल्या मेडिकलवाल्याला विचारा, तो दोन मिनिटांत सांगतो.

मावशी काका यंदा परत निघालेत, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, क्योटोत झाडं लाल होतात तेव्हा. दीड महिन्यापासून दोघं रोज सकाळी आमराईत फेऱ्या मारतायत कारण तिथं दिवसाला पंधरा हजार पावलं सहज होतात. काल मी बॅग बघितली, एक पातळ स्वेटर, वाऱ्याचं जाकीट, चार सुती कपडे, काकांच्या बीपीच्या गोळ्या चिठ्ठीसकट वेगळ्या पाकिटात. कढीपत्ता नाही, मी दोनदा हात घालून बघितलं.