मल्टिकास्टनं नेटवर्क बसत नाही भाऊ, ते मोकाट सोडल्यानं बसते

नागपुरातल्या केबल-इंटरनेटवाल्यांमध्ये अन सीसीटीव्ही लावणाऱ्या पोरांमध्ये एक मेसेज फिरून राहिला. त्याचं म्हणणं असं की मल्टिकास्ट (एकच स्ट्रीम, ज्यांनी मागितली तेवढ्यांना) म्हणजे ब्रॉडकास्टच, नेटवर्क बसवते, म्हणजे ठप्प करते. स्विचवरचं आयजीएमपी स्नूपिंग (आयजीएमपी म्हणजे ग्रुप, म्हणजे चॅनलचा पत्ता, मागायची भाषा; स्विच ती ऐकून मागणाऱ्याच पोर्टवर स्ट्रीम सोडतो ते स्नूपिंग) बंद ठेवा, त्यानं चॅनल मधेच तुटते. राउटरवर पिम (राउटरांमध्ये मल्टिकास्टची वाट ठरवणारा प्रोटोकॉल) डेन्स मोडमध्ये टाका, आरपीची (पाठवणारा अन पाहणारा जिथं जुळतात त्या ठरलेल्या राउटरची) झंझट नाही. फिल्टर नको कारण नेटवर्क आपलंच आहे. अन वायफायवर तर मल्टिकास्ट विसराच. लिहिणाऱ्यानं लक्षणं बरोबर ओळखली, पण उपाय उलटे सांगितले, अन ते वाचून सीताबर्डीपासून बुटीबोरीपर्यंत लोकं चालू कॉन्फिग बिघडवतील म्हणून एकेक मुद्दा घेतो.

ब्रॉडकास्टचा मुद्दा लवकर संपवू. ब्रॉडकास्ट व्हीलॅनमधल्या (स्विचवर वेगळ्या काढलेल्या एका नेटवर्कमधल्या) प्रत्येकाला जाते, कोणी मागो न मागो. मल्टिकास्ट ज्यानं आयजीएमपीनं ग्रुप जॉइन केला त्याच्यासाठी असते. ४ एमबीपीएसचा एक चॅनल २०० घरी युनिकास्टनं (प्रत्येकाला वेगळी कॉपी) द्या, सर्व्हरच्या लिंकवर ८०० एमबीपीएस होतात. मल्टिकास्टनं त्याच लिंकवर ४ च राहतात.

स्नूपिंगचं मात्र नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच सल्ल्यानं होते. स्ट्रीम चालू होते, चार-सव्वाचार मिनिटं चालते अन गायब होते, हे अगदी खरं आहे. पण काहून होते? स्विच कोणत्या पोर्टवर कोणता ग्रुप हवा ते लिहून ठेवतो, अन ती नोंद टिकायला कोणीतरी अधूनमधून विचारत राहावं लागते की बाबा अजून पाहून राहिले का. विचारणारा म्हणजे क्वेरिअर. तो डिफॉल्टनं दर १२५ सेकंदांनी विचारतो, अन २६० सेकंद उत्तर आलं नाही तर नोंद उडते. कॅमेऱ्यांच्या व्हीलॅनमध्ये पिमवाला राउटर नसतो, म्हणून क्वेरिअरच नसतो, म्हणून सव्वाचार मिनिटांनी पडदा काळा. उपाय एवढाच की त्या व्हीलॅनमध्ये एका स्विचवर क्वेरिअर चालू करा अन त्याला त्याच व्हीलॅनचा आयपी द्या. दोन क्वेरिअर झाले तरी भांडण नाही, लहान आयपीवाला राहतो, दुसरा गप्प बसतो. त्याऐवजी स्नूपिंगच बंद केलं तर ४ एमबीपीएसचे ४० कॅमेरे, १६० एमबीपीएस, प्रत्येक पोर्टवर ओतले जातात, अन १०० एमबीपीएसच्या पोर्टवर बसलेल्या बिचाऱ्या प्रिंटरचाही जीव जातो. मेसेजमधलं 'नेटवर्क बसते' ते इथूनच येते.

आता डेन्स मोड. तो आधी सगळीकडे पूर सोडतो, ज्याला नको तो प्रून (मला नको असा निरोप) पाठवतो, अन साधारण तीन मिनिटांनी प्रून संपला की पुन्हा पूर. हिंगण्याच्या टॉवरपर्यंत छोट्या रेडिओ लिंकनं जात असाल तर हा पूर परवडत नाही. डेन्स मोडचा आरएफसी ३९७३ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) २००५ मध्ये प्रायोगिक म्हणूनच निघाला. स्पार्स मोडमध्ये (मागितलं तिथंच पाठवणाऱ्या) आरपी लागतो, पण छोट्या नेटवर्कमध्ये तो प्रत्येक राउटरवर स्टॅटिक लिहायची एक ओळ आहे हो, त्याची कसली झंझट. अन आरपी नकोच असेल तर २३२.०.०.०/८ मध्ये एसएसएम (कोणत्या सोर्सकडून, म्हणजे पाठवणाऱ्याकडून, हवं तेही सांगून मागणं) वापरा, तिथं आरपीचं कामच नाही, फक्त सेट टॉप बॉक्सला आयजीएमपी व्हर्जन ३ आलं पाहिजे. राउटरपलीकडे स्ट्रीम जातच नाही अशी तक्रार असेल तर मोड बदलण्याआधी सोर्सचा टीटीएल (पॅकेट किती राउटरपर्यंत जगेल तो आकडा) पाहा, बहुतेक सिस्टिममध्ये मल्टिकास्टचा टीटीएल डिफॉल्टनं १ असतो, पहिल्याच राउटरवर पॅकेट मरते. मग आरपीएफ पाहा, म्हणजे सोर्सकडे परत जायचा रूट त्याच इंटरफेसनं आहे का.

'नेटवर्क आपलंच, फिल्टर कशाला', हे वाक्य मला सगळ्यात धोक्याचं वाटते. आयजीएमपीत ओळख तपासायची सोयच नाही, कोणीही कोणताही ग्रुप मागू शकतो, अन कोणताही ग्राहक तुमच्याच चॅनलच्या पत्त्यावर आपला व्हिडिओ ढकलू शकतो. म्हणून दोन बाजू वेगवेगळ्या बंद करायच्या. मागणारी बाजू: ग्राहकाकडच्या इंटरफेसवर आयजीएमपी अ‍ॅक्सेस-ग्रुप (कोणते ग्रुप मागता येतील त्याची यादी), त्यात फक्त तुमचे चॅनल, समजा २३९.१०.०.०/१६, बाकी सगळं शेवटच्या न दिसणाऱ्या डिनायमध्ये (यादीखालच्या आपोआप नकारात) जाते. पाठवणारी बाजू: लोकं आरपीवर अ‍ॅक्सेप्ट-रजिस्टर (कोणत्या सोर्सची नोंद आरपीनं घ्यायची तो फिल्टर) टाकून मोकळे होतात, पण सिस्कोच्या राउटरवर सोर्स थेट आरपीलाच जोडलेला असेल तर तो फिल्टर लागत नाही, अन आपल्याकडे बरेचदा एकच राउटर सगळं करतो, तेव्हा तिथं मल्टिकास्ट बाउंड्री (इंटरफेसवरच नको ते ग्रुप अडवणारी सीमा) लावा. ग्राहकाच्या पोर्टवर २२४.०.०.०/४ कडे (म्हणजे सगळ्या मल्टिकास्ट पत्त्यांकडे) जाणारं सगळं अडवू नका, आयजीएमपी व्हर्जन २ चा जॉइन त्या ग्रुपच्याच पत्त्यावर जातो, तोही अडेल अन कोणालाच चॅनल दिसणार नाही. आधी आयजीएमपीला परवानगी, त्याखाली यूडीपी (व्हिडिओ ज्यातून येतो ती पॅकेटं) अडवा.

पत्ते निवडतानाही जपा. मल्टिकास्ट आयपीच्या बदलत्या २८ बिटांपैकी २३ च मॅकमध्ये (स्विच पाहतो त्या हार्डवेअर पत्त्यात) जातात, म्हणून ३२ ग्रुपांचा एकच मॅक होतो. २३९.१२८.०.५ वर चॅनल ठेवला तर त्याचा मॅक ओएसपीएफच्या (राउटर एकमेकांना रूट सांगतात त्या प्रोटोकॉलच्या) २२४.०.०.५ चाच येतो, अन मॅकवर चालणारे बरेच स्विच तो सगळीकडे सोडतात, मग स्नूपिंग चालू असूनही लोकं म्हणतात स्नूपिंग बेकार आहे.

वायफायचं अर्धं खरं आहे. एपी (वायफायचा डबा) मल्टिकास्ट हळू बेसिक रेटनं पाठवतो अन समोरून पोचपावती येत नाही, म्हणून हवा भरते अन चित्र फाटते. पण त्यासाठी अख्खं मल्टिकास्ट सोडायची गरज नाही, बऱ्याच एपीमध्ये मल्टिकास्टचं युनिकास्ट करायचा ऑप्शन असतो तो चालू करा, अन ज्या एपीवर कोणी टीव्ही पाहत नाही त्याच्या व्हीलॅनमध्ये ते ग्रुप पोचूच देऊ नका.