राख फासून काटा येत नाही

आज दुपारी भाच्यानं व्हिडिओ पाठवला. त्यांच्या ढोल-ताशा पथकाची यंदाची 'डार्क थीम'. काळे कुर्ते, डोळ्यांत बोटभर काजळ, अंगाला राख, पुढे एक जण कवटी नाचवतोय, मागून धुराचं मशीन. खाली मेसेज, "मामा, काटा आला ना?"

नाही आला. डोळे मिटून ऐकलं तर दरवर्षीची पुण्यातल्या लक्ष्मी रोडवरची विसर्जन मिरवणूक. तीच उधळलेली लय, तीच ताशांची तर्री, म्हणजे अखंड तडतड, श्वास घ्यायला फट नाही. कपडे काळे केलेत, वादन आहे तसंच आहे. आणि कॉमेंटमध्ये सगळे 'अंगावर शहारे' लिहितायत. कशाचे शहारे? धुराचे?

मी नववीत असताना आमचे बँडचे मास्तर गेले. फौजेतून निवृत्त होऊन शाळेत आलेले. मी साइड ड्रमवर होतो. साइड ड्रमच्या खालच्या पानाला तारा असतात, त्यांच्यामुळे तो कडकडतो. बाजूचा खटका खाली केला की तारा सुटतात आणि आवाज पोकळ होतो, रिकाम्या पिंपावर मारल्यासारखा. सरावाला कुणी खटका वर करायला विसरला की मास्तर ओरडायचे, "तार लाव गाढवा, मयताला निघालायस का?"

त्यांच्या मयताला निघालो तेव्हा कुणी काही सांगितलं नव्हतं. आम्ही चौघाही ड्रमवाल्यांनी खटके खाली केले.

असो. मुद्दा वादनाचा आहे. कुणीतरी लगेच सांगेल, गंभीर वाटायला कोमल स्वर लागतात, पाश्चात्त्य संगीतातलं उदास मायनर लागतं. अहो, भैरवीत चार स्वर कोमल, आणि तिच्यावर माना डोलावत आपण मैफलीतून हसत घरी जातो. उलट 'अबाइड विथ मी' ही ख्रिस्ती प्रार्थनेची धून मेजरमध्ये, म्हणजे आनंदी मानल्या जाणाऱ्या स्वरांत आहे. 2022 साली बीटिंग रिट्रीटमधून, म्हणजे प्रजासत्ताक दिनानंतरच्या दिल्लीतल्या लष्करी बँडच्या सोहळ्यातून काढली, पण त्याआधी दरवर्षी 29 जानेवारीला टीव्हीसमोर माझी आई पदर डोळ्याला लावायची. इंग्रजीचा एक शब्द तिला कळत नव्हता. पोलिश संगीतकार शोपँचा तो प्रसिद्ध फ्युनरल मार्च, अंत्ययात्रेची धून, घ्या, मुळात पियानोचा, पुढे बँडवाल्यांनी उचलला. सुरुवात मायनर, ठीक. पण मधे तो मेजरमध्ये जातो, एकदम गोड, आणि मी तिथेच ढासळतो.

मग उरतं काय? लय, आणि मधली रिकामी जागा. आमच्या बँडची पावलं एरवी मिनिटाला 120 ची, मास्तरांच्या मयताला जेमतेम निम्मी. सदाशिव पेठेतून वैकुंठ स्मशानभूमीपर्यंत धून नाही, बिगूल नाही. बास ड्रमवर काळं कापड बांधलेलं, डाव्या पावलाला एक ठोका, मग काहीच नाही. त्या 'काहीच नाही'मध्ये लोकांच्या चपला घासल्याचा आवाज येत होता. नवी पेठेत एक रिक्षावाला मधेच थांबला आणि त्यानं इंजिन बंद केलं. तेही ऐकू आलं.

ढोल-ताशात हे जमणार नाही असं नाही. उलट ढोलाइतकं जड वाद्य दुसरं कुठलं आणायचं? ताशे थांबवा. टिपरू, म्हणजे ढोलाची काडी, बाजूला ठेवा, नुसती हाताची थापी येऊ द्या, सगळ्यांची एकत्र, आणि पुढची थाप येईपर्यंत माणसाला ताटकळत ठेवा. पण ताशा थांबवायची हिंमत लागते हो. शांत झालं की वाटतं गर्दी निघून जाईल, रील पुढे सरकवतील.

बरं, मान्य, गणपतीत कुणी रडायला येत नाही. आणि ही पोरं दिवसभर नोकरी करून नदीकाठी रात्री दहापर्यंत घाम गाळतात, बोटांना चिकटपट्ट्या लावून वाजवतात, हेही मान्य. भाच्याच्या तळव्याला फोड आलेत, ताईनं फोटो पाठवला होता. मीच जरा जास्त चिडलो. नाव 'डार्क' दिलं नसतं तर बोललोही नसतो.

त्याला तीनदा उत्तर टाइप करून खोडलं. शेवटी लिहिलं, रविवारी सकाळी घरी ये, माळ्यावरचा साइड ड्रम काढून ठेवतो. तारा केव्हाच गंजून गेल्यात, तेवढंच बरं.

त्यानं विचारलंय, नाश्त्याला काय आहे.