‘आधी खरं डेटा सेंटर बघा’ म्हणणाऱ्या वाचकांना

नमस्कार. तीन जुन्या पीसींवर प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) आणि सेफ (अनेक मशीनच्या डिस्क जोडून डेटाच्या प्रती ठेवणारं स्टोरेज) बसवण्याच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया सकाळीच वाचली. लगेच उत्तर दिलं असतं तर तोल गेला असता, म्हणून रात्रीपर्यंत थांबलो. फारसा उपयोग झालेला नाही, ते पुढे दिसेलच.

तुमचं म्हणणं असं: घरी एक नॅस (नेटवर्कवरून वापरायचा डिस्कचा डबा) आणि एनएफएस (त्यावरच्या फाइली दुसऱ्या मशीनवरून वापरायची पद्धत) पुरे, साध्या एसएसडीवर सेफ रडतखडत चालतं, नेटवर्कची मांडणी लेखात फार उशिरा येते, आणि ‘लेखकाने आधी एखादं खरं डेटा सेंटर आतून बघावं, मग पोरांना शिकवावं.’

शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करतो.

साहेब, उमेदीची वर्षं नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात सर्व्हर रूम सांभाळण्यात गेली. नाव सांगत नाही. तिथे सगळे व्हीएम एकाच महागड्या स्टोरेज बॉक्सवर. आत दोन कंट्रोलर, दोन पॉवर सप्लाय, कागदावर सगळं दुहेरी. एका शनिवारी रात्री फर्मवेअर अपडेटमध्ये दोन्ही कंट्रोलर एकदमच बसले. बिलिंग बंद, गेटपास बंद, माल भरलेले ट्रक अंबड लिंक रोडपर्यंत उभे, आणि प्रॉडक्शन मॅनेजर माझ्या खुर्चीमागे. तुम्ही कुठली डेटा सेंटरं पाहिलीत हे मी विचारत नाहीये. मलाही कुणी विचारायला नको होतं.

त्या रात्रीनंतर मला एकच हवं होतं: चालू स्टोरेजची वायर उपटून बघायची. कारखान्यात कोण उपटू देणार? इंदिरानगरच्या घरात उपटता येते. सेफमध्ये पूलच्या (साठवलेल्या डेटाच्या) ३ प्रती आणि किमान २ चालू असण्याची अट ठेवली की एक नोड (तीनपैकी एक पीसी) मेला तरी लिहिणं-वाचणं चालू राहतं. मेलेल्या नोडवरचे व्हीएम एचए (बंद पडलेले व्हीएम आपोआप उठवणारी सोय) लावलेला असेल तर दुसरीकडे उठतात. दुसरा नोडही काढा. ३ पैकी एकच मॉनिटर (कोण जिवंत आहे याची नोंद ठेवणारा सेफचा प्रोग्राम, दर नोडवर एक) उरतो, बहुमत जातं आणि सगळं थिजतं. थिजतं, पण डेटा बिघडत नाही. हे पोरांनी एकदा डोळ्यांनी बघावं, एवढाच त्या लेखाचा हेतू होता. तुमचं ते एकुलतं एक नॅस अपडेटसाठी रीस्टार्ट झालं की त्यावरचे सगळे व्हीएम लटकतात. त्यातून पोरगं काय शिकणार, वाट बघायला?

आणि नॅस स्वस्त पडतं हे मीच लिहिलंय. १ टीबीच्या तीन डिस्कमधून वापरायला जेमतेम १ टीबी मिळते, तीही ८५ टक्के भरली की सेफ कुरकुरायला लागतं, तीनच नोड असतील तर मेलेल्या नोडची प्रत पुन्हा बांधायला जागाच नसते, हेही लिहिलंय. लेख शेवटपर्यंत वाचायची सवय हल्ली कमी झाली आहे, चालायचंच.

नेटवर्कबद्दल मात्र तुमचं मान्य. गिगाबिटच्या वायरीतून सेकंदाला ११०-११५ एमबीच्या वर काही जात नाही, आणि त्यातच प्रती पाठवण्याचं आणि व्हीएमचं ट्रॅफिक एकमेकांच्या पायात येतं. वेगळ्या नेटवर्कचा तक्ता वर हवा होता. आज घेतला.

एसएसडीचं म्हणाल तर, कपॅसिटरवाली (वीज गेली तरी हातातलं लिखाण पूर्ण करणारी) एंटरप्राइझ एसएसडी सिंक राइटची (पक्कं लिहिल्याची पोच मिळेपर्यंत थांबणाऱ्या लिखाणाची) पोच लगेच देते आणि साधीला दरवेळी फ्लॅशपर्यंत, म्हणजे प्रत्यक्ष साठवणीच्या चिपपर्यंत, जावं लागतं, हे मलाही ठाऊक आहे. शिकताना थोडं हळू चाललं तर कुणाचे ट्रक अडत नाहीत. पुढे.

ब्रॉडकॉमने २०२३ मध्ये व्हीएमवेअर (व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी) घेतल्यापासून माझ्या ओळखीतल्या छोट्या कंपन्याही प्रॉक्समॉक्सची चौकशी करतात. तिथे इंटरव्ह्यूला बसणाऱ्या पोरांसाठी मी लिहितो. तुमच्यासाठी नाही, हे आता तुमच्याही लक्षात आलं असेल.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. पुढच्या वेळी फक्त तुमचा सेटअप आणि सेफची आवृत्ती लिहा, म्हणजे कामाचं बोलता येईल.